घड्याळातलं शून्य कोणाचं? जिना, सेन्सर आणि आईचा एक प्रश्न



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : 'रोज फक्त ५० पायऱ्या चढा आणि हृदयविकाराचा धोका २० टक्क्यांनी कमी करा.' टाकला होता पहिल्या मजल्यावरच्या काकांनी. खाली नेहमीप्रमाणे अंगठे आणि हात जोडलेले.

आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, गोडदेवला. तळमजला अधिक चार मजल्यांची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि आमचं घर चौथ्यावर. मजल्याला १८ पायऱ्या, म्हणजे रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत ७२. सकाळी एकदा दुधाची पिशवी घेऊन वर आलं की मेसेजमधलं दिवसाचं औषध घेऊन झालं, वर २२ पायऱ्या फुकट!

पण आईचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. रोज संध्याकाळी भाजीसाठी गोडदेव नाक्यापर्यंत जाऊन येणारी बाई आता आठवड्यातून एखाद वेळा उतरते. तिने तो मेसेज वाचला आणि मला विचारलं, "अगं, म्हणजे मी जिना सोडला म्हणून मला आता अटॅक येणार का?"

माझं पीएचडीचं काम सेन्सरच्या सिग्नलवरून माणसाची हालचाल ओळखण्याचं आहे. म्हणजे प्रश्न अगदी माझ्या टेबलावरचा. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग मी त्या मेसेजमागचा पेपर शोधून वाचला, त्याच्या आजूबाजूचेही वाचले. आजचा लेख म्हणजे ते वाचन. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण प्रपोजल लिहिताय. पेपरचा निष्कर्ष पाठ करणं आणि पेपर वाचणं यातला फरक दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

मेसेजमागचा पेपर

हा अभ्यास २०२३ मध्ये 'अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस' या नियतकालिकात आला. माहिती 'यूके बायोबँक'ची. ब्रिटनमधल्या ४,५८,८६० प्रौढांना त्यांच्या जिना चढण्याबद्दल विचारलं होतं आणि पुढे सरासरी बारा-साडेबारा वर्षं त्यांच्यापैकी कोणाला हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होतो याची नोंद ठेवली होती. दिवसाला जिन्याचे पाचपेक्षा जास्त टप्पे, म्हणजे सुमारे ५० पायऱ्या चढणाऱ्यांमध्ये हा धोका सुमारे २० टक्के कमी दिसला. आकडा खरा आहे. मेसेज खोटा नव्हता.

आता पेपर जरा हळू वाचू.

पहिली गोष्ट, यात सेन्सर नव्हता. लोकांनी टचस्क्रीनवर उत्तरं दिली. प्रश्नही बघा : गेल्या ४ आठवड्यांत, घरी, दिवसातून साधारण किती वेळा जिन्याचा एक टप्पा (सुमारे १० पायऱ्या) चढता? 'घरी' या शब्दावर थांबा. ब्रिटनमध्ये दोन मजली घर आणि घरातच जिना, ही सर्रास पद्धत. ज्यांचं घर बैठं आहे, त्यांचं उत्तर 'एकदाही नाही'. आणि ब्रिटनमध्ये बैठ्या घरात राहायला कोण जातं? त्यात म्हातारपणी गुडघे दुखायला लागले म्हणून घर बदललेले बरेच असतात. म्हणजे 'जिना न चढणारे' हा तुलनेचा गट सुरुवातीपासूनच थोडा दुखणाईत असू शकतो.

दुसरी गोष्ट, यूके बायोबँकेत कोण आहे? २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना बोलावणं गेलं, आले ५.५ टक्के. स्वतःहून तपासणीला येणारा माणूस सहसा आधीच जरा बरा, जरा सुस्थितीत असतो. त्यातून काढलेले आतले संबंध लगेच खोटे ठरत नाहीत. पण 'ब्रिटनमध्ये असं आहे' म्हणतानाही जपून बोलावं लागतं, मग गोडदेवचं तर सोडाच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती मेसेजमध्ये नव्हती. काही जणांना काही वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. आधी जिना चढणारे, पण नंतर 'आता नाही' म्हणणारे, यांचा धोका दोन्ही वेळा 'नाही' म्हणणाऱ्यांपेक्षा ३२ टक्के जास्त निघाला.

हे वाक्य पुन्हा वाचा. तुलना जिना चढत राहणाऱ्यांशी नाही, कधीच न चढणाऱ्यांशी आहे. समजा, जिना हेच औषध असतं. मग औषध थांबवलेला माणूस फार तर औषध कधीच न घेतलेल्या माणसासारखा झाला असता. तो त्याच्याहूनही वाईट का निघावा? सगळ्यात साधं स्पष्टीकरण असं की थांबण्याआधीच काहीतरी बिघडलेलं होतं. दम लागायला लागला, छातीत भरून यायला लागलं, पाय सुजले, म्हणून जिना सुटला. आजार पुढे नोंदला गेला, सुरू मात्र आधी झाला होता. याला उलटा कार्यकारणभाव म्हणतात. धुरामुळे आग लागली म्हणण्यासारखा प्रकार.

मी असं म्हणत नाही की जिन्याचा फायदा होत नाही. मी म्हणतेय की या एका आकड्यात फायदा आणि आजाराची चाहूल एकत्र मिसळली आहेत, आणि चाळून वेगळं करायला जी माहिती लागते ती, म्हणजे 'का थांबलात?' याचं उत्तर, त्या प्रश्नावलीच्या उत्तरात नाही.

मग सेन्सर लावला की झालं?

तुमच्या मनात आलंच असेल : लोकांना विचारता कशाला, सेन्सर लावा. हाच माझा धंदा आहे, म्हणून इथे मी जास्त कडक वागणार आहे.

सेन्सरवाल्या अभ्यासांपैकी सगळ्यात गाजलेला २०२२ चा, 'नेचर मेडिसिन'मधला, इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि सहकाऱ्यांचा. यूके बायोबँकेतल्याच लोकांच्या मनगटावर ७ दिवस एक अ‍ॅक्सेलेरोमीटर बांधलेला होता. व्यायाम करत नसल्याचं सांगणारे २५,२४१ जण त्यांनी निवडले आणि रोजच्या व्यवहारातले छोटे, दमवणारे झटके मोजले : बस पकडायला धावणं, चढावर झपझप चालणं वगैरे. दिवसात असे ३ झटके, प्रत्येकी १ ते २ मिनिटांचे, असणाऱ्यांमध्ये पुढच्या सरासरी ६.९ वर्षांत कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका, असा एकही झटका नसलेल्यांपेक्षा ३८ ते ४० टक्के कमी दिसला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका ४८ ते ४९ टक्के कमी.

अभ्यास चांगला आहे. 'मी खूप चालतो हो' असं सांगणाऱ्या तोंडावर अवलंबून नाही. 'व्यायाम म्हणजे सलग अर्धा तास' ही समजूतही त्याने हलवली. पण या पेपरचा दाखला देताना जिना चढण्याचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि त्या मनगटावरच्या यंत्राला जिना दिसत नाही! यंत्राचं नाव अ‍ॅक्सिव्हिटी एएक्स-३. ते सेकंदाला १०० वेळा तीन दिशांतला प्रवेग टिपतं. शिवाय तापमान आणि प्रकाश. उंची कळण्यासाठी हवेचा दाब मोजावा लागतो, ते त्यात नाही.

बरं, नुसत्या प्रवेगावरून निदान मेहनत तरी कळते का? सपाट रस्त्यावर भरभर चालताना हात जोरात हलतो. जिना चढताना चाल मंदावते, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात पिशवी. मनगट जवळजवळ स्थिर. छाती मात्र भात्यासारखी. चढ असला की अ‍ॅक्सेलेरोमीटर मेहनत कमी धरतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. म्हणजे जिथे श्रम सर्वांत जास्त, तिथेच यंत्र सर्वांत मुकं.

दाबावरून मजला

आता उंची मोजणाऱ्या सेन्सरकडे येऊ. तत्त्व अकरावीचं आहे. वर जाल तसा डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीजवळ, म्हणजे आपल्या भाईंदरसारख्या ठिकाणी, एका मीटरला साधारण १२ पास्कल. आमचे चार मजले म्हणजे सुमारे १२ मीटर, म्हणजे १४४ पास्कल. एकूण दाब १,०१,३०० पास्कलच्या आसपास. लाखातले दीडशे ओळखायचे! बीएमपी-२८० सारखा नखाएवढा, स्वस्तातला सेन्सर ते ओळखतो. त्याची सापेक्ष अचूकता १२ पास्कल, म्हणजे एका मीटरच्या आत-बाहेर. मला आजही याचं नवल वाटतं.

पण दाब फक्त जिन्यामुळे बदलत नाही. उष्ण कटिबंधात वायुदाबाला रोज दोनदा भरती-ओहोटी येते. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक साधारण ३ हेक्टोपास्कल, म्हणजे ३०० पास्कल. उंचीत सांगायचं तर २५ मीटर! खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही सहा तासांत आठ मजले 'चढता'. हा बदल सावकाश होतो म्हणून प्रोग्रॅम त्याला बाजूला काढू शकतो. पावसाळ्यातल्या वाऱ्याचं तसं नाही. सेकंदाला १० मीटर वेगाचा झोत समोरून थेट आदळला तर सुमारे ६० पास्कल चढवतो, आणि तो झोत एका क्षणात येतो. खाडीकडून जूनमध्ये येणारा वारा आमच्या जिन्याच्या जाळीतून शिरतो तेव्हा सेन्सरच्या आलेखात मजले वरखाली नाचतात. प्रयोगशाळेच्या बंद इमारतीत तयार केलेला प्रोग्रॅम इथे चकतो. प्रपोजलमध्ये 'अचूकता ९५ टक्के' असं लिहायचा मोह होईल तेव्हा ती कुठल्या इमारतीत, कुठल्या महिन्यात, कोणाच्या पायांवर, हेही लिहा.

यावर उपाय म्हणून बाजारातली घड्याळं दोन अटी लावतात : दाब सुमारे ३ मीटरएवढा उतरला पाहिजे आणि त्याच वेळी पावलं पडली पाहिजेत. म्हणून लिफ्टने गेलं तर मजले मोजले जात नाहीत. छान. पण आता या अटी आईच्या पायांना लावून बघा.

मी एक आठवडा माझं घड्याळ तिच्या हातात बांधलं. पाच दिवस मजले शून्य. एक दिवस ती डॉक्टरांकडे जाऊन आली. दर लँडिंगला थांबत, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चार मजले चढली. घड्याळात दोन. तिने बघितलं आणि म्हणाली, "बाकीचे दोन कोणी चढले मग?"

एका माणसाच्या एका आठवड्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, मीही काढत नाही. पण इथे कारण समजण्यासारखं आहे. सावकाश, अडखळत, हाताचा आधार घेऊन टाकलेलं पाऊल मनगटावरच्या यंत्रातून निसटतं. म्हणजे चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. धडधाकट माणसाचे चार मजले चार, दुखणाईत माणसाचे चार मजले दोन. अशा डेटातून 'कमी चढणारे जास्त आजारी' हा निष्कर्ष निघणारच. तो काही अंशी यंत्रानेच तयार केलेला असेल.

पायरी, मेहनत, फायदा

समजा, मजले बरोबर मोजले. त्यावरून मेहनत कळते? गणित करू. ६० किलोचा माणूस १२ मीटर चढतो : ६० गुणिले ९.८ गुणिले १२, म्हणजे सुमारे ७,००० ज्यूल. शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तर खर्च ७-८ किलोकॅलरी. चहातली एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखर २० किलोकॅलरी देते. चार मजले चढून अर्धा चमचा साखरही जिरत नाही! तेव्हा जिन्याचा फायदा असेल तर तो कॅलरी जाळण्यात नाही. मिनिटभर हृदयाला आणि मांड्यांना नेटाने कामाला लावण्यात आहे.

आणि तो नेट दाबाच्या सेन्सरला कळत नाही. रिकाम्या हाताने चढणारा आणि १५ किलो सामान घेऊन चढणारा, दोघांचे मजले सारखेच. काम मात्र दुसऱ्याचं २५ टक्के जास्त. आमच्या जिन्यात दिवसभर सिलिंडरवाला, पाण्याचे जार देणारा, कुरियरवाला, चार घरची कामं करणाऱ्या ताई चढउतार करत असतात. त्यांचे मजले कोणत्याच अभ्यासात नाहीत, कारण बॅरोमीटर असलेला फोन किंवा घड्याळ सहसा महागातलं असतं. अ‍ॅपमधून डेटा गोळा केला की तो कोणाकडून येतो हे आधीच ठरलेलं असतं.

उतरण्याचं काय? बरीच घड्याळं फक्त चढलेले मजले मोजतात. पण आईची अडचण चढण्याची कमी आणि उतरण्याची जास्त आहे. यावर सेन्सरनेच दिलेलं फार सुंदर उत्तर आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यातच बलमापक बसवले आणि सांध्यावर येणारा भार थेट मोजला. २०१० च्या त्यांच्या पेपरात रुग्ण फक्त ५ आहेत. सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार, जिना चढताना सुमारे ३.२ पट, आणि उतरताना सुमारे ३.५ पट.

पाच माणसं! आणि तिकडे साडेचार लाख. तरीही 'आईला उतरायला का नको वाटतं?' या प्रश्नाला पाच माणसांचा अभ्यास जास्त जवळ जातो. कारण तिथे जे जाणून घ्यायचं होतं तेच मोजलं. नमुना मोठा म्हणजे अभ्यास मोठा, हा समज पेटच्या पुस्तकांमधून डोक्यात बसतो. तो काढून टाका.

कंडक्टरची पँट

या सगळ्या विषयाची सुरुवातही जिन्यावरच झाली होती. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. डबलडेकर बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वरखाली. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये तिकिटाची पेटी घेऊन चढउतार करणारे कंडक्टर ज्यांना आठवतात त्यांना चित्र लगेच दिसेल. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. 'हालचाल हृदयाला जपते' या आधुनिक संशोधनाचा हा पाया मानला जातो.

मला मात्र त्याच गटाचा तीन वर्षांनंतरचा, १९५६ चा पेपर जास्त आवडतो. त्यांनी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कंबरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कंबरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या होत्या, अगदी तरुण वयातही. म्हणजे फरक नोकरीने पडायच्या आधीचाही असू शकतो. मुळात जाड माणूस स्टिअरिंगकडे जात असेल आणि चपळ माणूस जिन्याकडे. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला सगळ्यात टोचणारा पुरावा त्यांनी स्वतःच शोधून छापला. सेन्सर नाही, संगणक नाही, शिंप्याची टेप. मला विचाराल तर संशोधकाची परीक्षा इथे होते.

आपल्याकडची चाळणी

आता महाराष्ट्रात येऊ. आयसीएमआर-इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या १४,२२७ प्रौढांच्या हालचालीची पाहणी झाली. निकाल २०१४ मध्ये आला : ५४.४ टक्के लोक निष्क्रिय. हा आकडा तुम्ही प्रस्तावनेत वापराल, मीही वापरला आहे. पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली वापरली होती. ही प्रश्नावली सलग किमान १० मिनिटं झालेल्या हालचालीबद्दल विचारते.

आमचे चार मजले एका मिनिटात संपतात. दिवसातून सहा वेळा चढणारी गृहिणीसुद्धा त्या जिन्यासाठी या प्रश्नावलीत शून्य मिनिटं मिळवते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून १० मिनिटांची अट काढली. यामुळे २०१४ चा आकडा चुकीचा ठरत नाही, तो त्या काळच्या चाळणीने चाळलेला आहे एवढंच. आकडा उचलताना चाळणीची भोकं केवढी होती हेही सोबत लिहायचं.

गोडदेवमध्ये अभ्यास करायचा झाला तर

नुसती टीका करून उठायचं नाही, हा आमच्या सरांचा नियम. तेव्हा मी काय करीन ते सांगते.

एक, शून्याची चौकशी करीन. घड्याळात मजले शून्य असतील तर त्या दिवशी माणूस गावाला गेला होता, आजारी होता, घड्याळ काढून ठेवलं होतं, की उतरायची भीती वाटली? चार शून्यांचे चार अर्थ. डेटा साफ करताना आपण शून्यवाल्या ओळी सर्रास उडवतो. इथे खरा अभ्यास त्याच ओळींत आहे.

दोन, उतरणंही मोजीन, आणि सेन्सर मनगटाऐवजी मांडीवर किंवा कंबरेला लावीन. हातात काय सामान होतं हे साध्या वहीत लिहून घेईन. पडताळणीसाठी काही दिवस जिन्यात प्रत्यक्ष माणूस बसवून मजले मोजीन, त्यात कठडा धरून चढणारे मुद्दाम घेईन.

तीन, पुनर्विकासाचा उपयोग करीन. भाईंदरमध्ये लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगा पाडून लिफ्टचे टॉवर उभे राहतायत. तीच माणसं, आधी जिना, नंतर लिफ्ट. नैसर्गिक प्रयोगच आहे हा. पण लगेच खूश होऊ नका. मधली काही वर्षं भाड्याच्या घरात जातात, शेजार तुटतो, मेंटेनन्स वाढतो, वयही वाढतं. बदल फक्त लिफ्टचा नसतो. ज्या बिल्डिंगांचा पुनर्विकास अजून झालेला नाही, त्याही तुलनेला घ्याव्या लागतील.

चार, परवानगी. मजल्यांच्या नोंदीवरून घर कधी रिकामं असतं हे कळतं. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा, संमतीपत्र मराठीत लिहा, आणि ते आईला वाचून दाखवा. तिला कळलं तर चालेल.

या सगळ्यामागे एकच मुद्दा आहे. 'जिना चढा' असा सल्ला देताना जिना ही निवड आहे असं धरलेलं असतं : शेजारी लिफ्ट किंवा सरकता जिना असताना घेतलेला. आमच्याकडे तो रस्त्याचा भाग आहे. निवड असते तिथे जिना सोडणारा माणूस फार तर लिफ्टने जातो. आमच्याकडे जिना सोडणारा माणूस घरातच राहतो. त्याचा भाजीबाजार, देऊळ, भिशी, डॉक्टर, सगळं एकदम सुटतं. यंत्रात दोघांचंही शून्यच उमटतं.

आईला काय सांगितलं

मी तिला म्हटलं, "त्या पेपरात 'तू थांबलीस म्हणून आजारी पडशील' असं म्हटलेलं नाही. काही माणसं थांबली आणि पुढे आजारी पडली, एवढंच आहे. ती का थांबली हे त्यात विचारलेलं नाही. तू गुडघ्यामुळे थांबलीस, हृदयामुळे नाही. आणि दम लागत असेल तर मात्र आत्ताच सांग, डॉक्टरांना विचारू."

दम लागत नव्हता. ती जरा सैलावली. मग म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण उतरायचं कसं, ते कुठल्या पेपरात आहे का?"

मी इतका वेळ पेपरातल्या चुका काढत होते, आणि तिला हवा असलेला प्रश्न मीही विचारला नव्हता. फिजिओथेरपिस्टकडे आता आम्ही जातोय. पहिल्या मजल्यावरच्या काकांशी बोलले. ग्रुपवर पुन्हा मेसेज टाकायच्या ऐवजी त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. आई आता आठवड्यातून तीनदा उतरते. घड्याळ अजूनही तिचे चार मजले दोनच मोजतं. खुर्चीवर टेकल्यावर तर कधी एकच.

तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ : तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर काढा. त्यात 'शून्य' किंवा 'नाही' असं उत्तर कोणाच्या नावावर पडलंय ते शोधा. ती माणसं कोण, आणि त्यांना कारण विचारलं होतं का? एका पानात लिहा. प्रपोजलचा पहिला परिच्छेद बहुतेक तिथेच सापडेल.